पायाकडची दोरी

सोमवार, १२ नोव्हेंबर १९७९. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पोर्ट व्हॅरनच्या धक्क्यावर अजून अंधार होता. कॅप्टन लॉर्ड किल्व्हॅरन टॉर्च बगलेत धरून पाटीवर खडूने आकडे लिहीत होते. भरती ११.३२.

ही पाटी त्यांनी १९५७ साली स्वतःच्या पैशाने लावली होती. नौदलाच्या भरती-ओहोटीच्या पुस्तकात दक्षिणेकडच्या मोठ्या बंदराची वेळ असते. तिच्यात अठरा मिनिटं मिळवली की आमच्या गावची वेळ येते. बावीस वर्षं ते रोज ही बेरीज करत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि पाटी कुणी वाचतही नव्हतं. गावातले मासेमार धक्क्याच्या खांबावरचं शेवाळ बघून वेळ सांगतात, आणि ती चुकत नाही.

लाकलन बेटन सकाळच्या बोटीची वाट बघत पलीकडे विडी ओढत उभा होता. लाकलन गावचा सुतार. सुताराकडेच शवपेटी करायचं आणि दफनाची व्यवस्था बघायचं काम असतं. त्याची पितळी कड्यांची खोकी बोटीने यायची होती.

"काय कॅप्टन, येतोय का आज समुद्र?"

"अकरा बत्तीसला."

"बरं झालं लिहिलंत. नाहीतर बिचारा चुकून लवकर यायचा."

कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी खडू डबीत ठेवला, डबी कोटाच्या खिशात ठेवली, मग विचारलं, "लाकलन, माझं कार्ड आलं नाही."

लाकलनने विडी विझवली. ती अजून अर्धी शिल्लक होती.

"कसलं कार्ड?"

"कसलं म्हणजे? बेथियाचं. बुधवारी दफन आहे. बाकीच्यांची कार्डं काल संध्याकाळी पोचली. तू स्वतः वाटलीस. मी खिडकीतून पाहिलं तुला, फाटकावरून गेलास."

"मी सुतार आहे, कॅप्टन. कार्ड छापतो, वाटतो. नावं घरचे देतात."

"माझा नंबर दोन असतो."

"असतो खरा," लाकलन म्हणाला. "इशबेलला विचारा." आणि बोट अजून खाडीच्या तोंडाशीही आली नव्हती तरी तो तिला सामोरा जायला निघाला.

आमच्याकडे पेटी आठ दोऱ्यांनी खड्ड्यात सोडतात. प्रत्येक दोरीला नंबर असतो. एक नंबर डोक्याकडचा, तो सर्वात जवळच्या नातेवाइकाचा. दोन नंबर पायाकडचा. तीन ते आठ दोन्ही बाजूंच्या. कुणी कुठली दोरी धरायची ते घरचे ठरवतात. तसं छोटं कार्ड घरोघरी जातं, त्यावर पेटीचं चित्र आणि नंबरावर खूण. या आठ नंबरांवरून भावाभावांनी वीस-वीस वर्षं बोलणं टाकलेलं आहे. आपल्याला गावात कोण काय समजतं, ते माणसाला त्या कार्डावरून कळतं.

पायाकडची दोरी आमच्या गावात किल्व्हॅरनांची. जमीन त्यांची होती तेव्हापासून. मेलेला माणूस कोळी असो, मेंढपाळ असो, लॉर्ड यायचा, हातमोजा काढायचा आणि दोन नंबर धरायचा. जमीन गेली. वाडीतल्या गुरांची कुरणं गेली. कर वाचावा म्हणून १९५३ साली किल्ल्याचं छप्पर उतरवलं, कारण बिनछपराच्या इमारतीला कर नसतो. इंग्लिश बायको त्याआधीच दक्षिणेला माहेरी निघून गेली होती. मूलबाळ नव्हतं. पुढचा लॉर्ड म्हणजे न्यूझीलंडमधला एक चुलतभाऊ, जो ट्रॅक्टर विकतो आणि नाताळला एक कार्ड पाठवतो. कॅप्टन फाटकाजवळच्या दोन खोल्यांत राहायचे, एकच चूल पेटवायचे आणि रविवारी स्वतःच इस्त्री करायचे. राहिलेलं एकच होतं. ते म्हणजे दोन नंबर.

ते तेरा वर्षांचे असताना नौदलात गेले. घराण्यातला थोरला समुद्रावर जातो, तसे गेले. चाळिसाव्या वर्षी त्यांना एक विनाशिका मिळाली. तेव्हा लढाई सुरू होती. त्यांनी वर लिहून गावातली अकरा पोरं आपल्या जहाजावर मागून घेतली. त्यांच्या वडिलांनीही आधीच्या लढाईत तसंच केलं होतं. गावाला बरं वाटलं. आपली पोरं आपल्या माणसाकडे आहेत, असं बायका म्हणाल्या.

मार्च १९४१. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ जहाज सुरुंगावर गेलं. चार मिनिटांत बुडालं. अकरापैकी नऊ गेले. फर्कर गिलीज आणि आणखी एक जण वाचले. त्या दुसऱ्याने पुढे कॅनडा गाठला. कॅप्टन स्फोटाने ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या वरच्या माळ्यावरून, पाण्यात फेकले गेले आणि वाचले.

युद्धस्मारकावर नऊ नावं आहेत. नोव्हेंबरातल्या स्मृतिदिनाच्या रविवारी ती वाचायची हा कॅप्टनचा मान. काल, ११ तारखेलाही त्यांनी वाचली. प्रत्येक नावानंतर त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "अखेरपर्यंत आपल्या जागेवर." बेथिया मॅकफेल दरवर्षी पहिल्या रांगेत उभी असायची, काळी टोपी, दोन्ही हात काठीवर, नजर कॅप्टनच्या तोंडावर. तिचा मुलगा सोर्ली यादीत सहावा. कॅप्टनना वाटायचं, म्हातारी आदराने बघते.

या वर्षी ती रांगेत नव्हती. शुक्रवारी सकाळी गेली. वय त्र्याण्णव. नऊ आयांपैकी शेवटची.

अकरा वाजता कॅप्टन इशबेलच्या दारात उभे होते. बूट चकचकीत, टाय काळा. इशबेल ही बेथियाची मुलगी, सोर्लीची धाकटी बहीण. छप्पन्न वर्षांची, बिनलग्नाची, शाळेच्या स्वयंपाकघरातली. आतल्या खोलीत पेटी होती, दार लोटलेलं होतं. तिने त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा ओतला. ओटची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं.

"तुझ्या आईबद्दल वाईट वाटलं, इशबेल."

"हो. चहा कडू झालाय. साखर घ्या."

"फार धीराची बाई."

"तापट होती, कॅप्टन. काल तुम्ही नावं वाचलीत म्हणे. आवाज पोचला का मागे? थडगी खणणारा म्हणत होता, वाऱ्यात अर्धी ऐकूच आली नाहीत."

"पोचला असावा." त्यांनी कप खाली ठेवला. "इशबेल, लाकलनकडून काही चूक झालीय. माझं कार्ड आलेलं नाही."

"चूक नाही. मीच थांबवलंय."

बाहेर शेजारणीचा कुत्रा गाडीवर भुंकला, थांबला.

"आईने यादी करून ठेवली होती," इशबेल म्हणाली. "सात नावं तिनेच सांगितली. दोन नंबर मोकळा ठेवला. मला म्हणाली, कॅप्टन येतील. कार्ड मागायला येतील, तोवर वाट बघ. आले की एवढंच विचार, सोर्ली कुठे होता?"

"कुठे म्हणजे?"

"जहाज बुडालं तेव्हा. कुठे होता तो?"

कॅप्टननी सरळ तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला नाही.

"ब्रिजवर. माझ्या शेजारी. मी तेव्हाच तुझ्या आईला कळवलं होतं."

"शेजारी."

"हो. शेवटपर्यंत."

"बरं," इशबेल म्हणाली. तिने किटली उचलली आणि पुन्हा चुलीवर ठेवली, चहा न ओतताच. "भाकरी घ्या ना."

त्यांनी घेतली. संपवली. कार्ड संध्याकाळपर्यंत येईल असं समजून ते घरी गेले आणि बुधवारसाठी हातमोजे साबणाने पुसून ठेवले.

त्यांना जे ठाऊक नव्हतं ते गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

१९४१च्या एप्रिलमध्ये, नौदलाच्या इस्पितळात पडून, कॅप्टननी नऊ पत्रं लिहिली. उजवा हात मोडलेला होता, म्हणून डाव्याने लिहिली. ऑफिसकडून छापील तार गेलेलीच होती, पत्र लिहिणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. दोन दिवस खपून त्यांनी ती वेड्यावाकड्या अक्षरांत पुरी केली. मजकूर असा होता: तुमचा मुलगा अखेरच्या क्षणी ब्रिजवर माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. असा शिपाई मिळणं हे माझं भाग्य.

नऊही पत्रांत हेच होतं. फक्त नाव वेगळं.

किल्ल्यात पत्र तबकातून येतं. ज्याचं त्याने घ्यायचं, दार लावून वाचायचं, कपाटात ठेवायचं. कॅप्टनना पत्राची तेवढीच रीत माहीत होती. गावात त्या नऊ बायकांपैकी सात जणींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांचं बोलणं-रडणं सगळं गेलिक या आमच्या भाषेत. पत्र आलं की ते घेऊन पोस्टात किर्स्टीकडे जायचं, तिने ते गेलिकमध्ये मोठ्याने सांगायचं, आणि रांगेत जे कोणी असेल त्याने ऐकायचं. पहिलं पत्र वाचताना किर्स्टी रडली. दुसऱ्याच्या वेळी थबकली. तिसऱ्या पत्रानंतर तिने चष्मा काढून पुसला. चौथी बाई आली तेव्हा किर्स्टीने पाकीट फोडायच्या आधीच मजकूर सांगायला सुरुवात केली, आणि एक शब्द चुकला नाही.

"केवढा मोठा ब्रिज असेल तो?" एका आईने फर्कर गिलीजला विचारलं, तो रजेवर आला तेव्हा.

"चार माणसं," फर्कर म्हणाला. "तीही अंग चोरून उभी राहिली तर."

तेव्हापासून गावात म्हण नव्हे पण बोलायची तऱ्हा पडली. एखादा कामाला दांडी मारून कुठे होतास विचारल्यावर थाप मारू लागला की लोक म्हणत, "असशील, ब्रिजवर असशील." दारूच्या गुत्त्यात म्हणत, जाळी विणताना म्हणत. कॅप्टन दारात दिसले की थांबत. अडतीस वर्षं त्यांच्या तोंडावर कुणी बोललं नाही. दफनाला कार्ड जात राहिलं, कारण रीत होती आणि रीत मोडायची तर कुणाच्या तरी घरातून सुरुवात व्हायला हवी होती.

आयांपैकी एक गेली की तिचं पत्र दुसरीकडे जायचं. ती दुसरी गेली की दोन्ही तिसरीकडे. कुणी ठरवलं नव्हतं, तसं होत गेलं. बेथियाकडे शेवटी नऊ जमली.

पण बेथियाचं दुखणं नुसत्या पत्राचं नव्हतं. लढाई संपल्यावर फर्करने तिला जे सांगितलं, ते त्याने तिलाच सांगितलं, तिच्याच स्वयंपाकघरात.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बेथियाचा नवरा वारला. सोर्लीला चार दिवसांची रजा मिळाली. तो एकुलता एक मुलगा, डोक्याकडची दोरी त्याची. दफनाच्या दिवशी वादळ झालं. कबरस्तान खाडीपलीकडे आहे, पेटी होडीने न्यावी लागते, होडी निघेना. दफन एक दिवस पुढे गेलं. सोर्ली थांबला. एक नंबर टाकून कोण जाईल? बंदरावर तो तीस तास उशिरा हजर झाला. कॅप्टननी त्याचं ऐकून घेतलं. ते याच गावचे, दोरी म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावायला नको होतं. फर्कर दाराशी पहाऱ्यावर उभा होता, त्याने कॅप्टनचे शब्द ऐकले: "मला समजतं, मॅकफेल. जहाजाला समजत नाही." चौदा दिवसांची कैद. त्या जहाजावर वेगळी कोठडी नव्हती. जहाजाच्या नाकाकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, रंगाचे डबे ठेवायची जागा रिकामी करून तिला बाहेरून कडी लावायचे.

सुरुंग अकराव्या दिवशी लागला. नाकाकडेच.

चार मिनिटांत कुणी कडी काढायला पोचलं असतं असं फर्कर म्हणाला नाही. बेथियाही कधी म्हणाली नाही. शिक्षेबद्दल ती एवढंच बोलायची, "नौदल म्हटलं की शिक्षा आलीच." तिला एकच गोष्ट हवी होती. कॅप्टननी एकदा खरं सांगावं. तेहतीस वर्षं ती दर नोव्हेंबरला पहिल्या रांगेत उभी राहिली, ते कॅप्टन सहाव्या नावानंतर काय म्हणतात हे ऐकायला.

मंगळवारी कार्ड आलं नाही. कॅप्टननी भरतीची वेळ लिहिली, परतताना लाकलनच्या कारखान्यावरून गेले. आत रंध्याचा आवाज चालू होता. ते दारात क्षणभर थांबले आणि पुढे गेले. घरचं माणूस ऐन वेळी तोंडीही सांगतं, असं पूर्वी दोनदा झालेलं होतं.

बुधवारी वारा पडलेला होता. होड्या सरळ गेल्या. कबरस्तानात साठेक माणसं होती आणि एक बाई. आमच्याकडे बायका कबरीपर्यंत येत नाहीत, घरी थांबून पाहुण्यांचा चहा करतात. इशबेल भावाच्या जुन्या ओव्हरकोटात डोक्याच्या बाजूला उभी होती. पाद्रीबुवांना ते आवडलं नव्हतं. त्यांनी होडीतच लाकलनला विचारलं होतं, "हे कुणी ठरवलं?"

"पेटीत आहे ती, बुवा. विचारा तिला," लाकलन म्हणाला.

प्रार्थना झाली. लाकलनने खिशातून कागद काढला आणि नेहमीच्या सपाट आवाजात वाचायला लागला.

"एक. इशबेल मॅकफेल."

इशबेलने दोरी घेतली. कुणीतरी मागे खाकरलं.

कॅप्टननी उजव्या हातातला मोजा काढला आणि एक पाऊल पुढे टाकलं. ते पाऊल सगळ्यांनी पाहिलं.

"दोन," लाकलन म्हणाला. कागदावरून नजर उचलली नाही. "दोन नंबर मोकळी. घरच्यांची इच्छा."

त्याने वाकून पायाकडची दोरी गुंडाळली आणि पेटीच्या झाकणावर ठेवली.

"तीन. रॉनल्ड गिलीज." फर्करचा मुलगा पुढे आला.

आठपर्यंत नावं झाली. कॅप्टन एक पाऊल पुढे होते तिथेच राहिले. मागे जाणं म्हणजे पुन्हा सगळ्यांनी पाहणं. सात माणसांनी पेटी खाली सोडली. पायाकडचा भार दोन्ही बाजूंच्या माणसांवर आला, पेटी जराशी कलली, लाकलन हळूच "डावीकडे, डावीकडे" म्हणाला, आणि ती टेकली. कॅप्टनच्या एका हातात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. माती पडायला लागल्यावर त्यांनी टोपी काढली.

लोक फाटकाबाहेर व्हिस्की आणि चीजकडे गेले. इशबेल त्यांच्यापाशी आली. तिने ओव्हरकोटाच्या खिशातून दोऱ्याने बांधलेलं एक पुडकं काढलं.

"ही तुमची. आईने सांगितलंय, तुम्हालाच द्यायची."

त्यांनी वरचं पाकीट पाहिलं. अक्षर ओळखलं. त्याखालचं पाहिलं. त्याखालचं. पुढची उघडून बघायची गरज नव्हती तरी त्यांनी बोटांनी मोजली.

"अशा पत्रांची एक पद्धत असते, इशबेल," ते म्हणाले.

"असेल ना."

"आयांना काय लिहायचं? कुठल्याही कप्तानाने हेच लिहिलं असतं."

"कुठल्याही कप्तानाला दोन नंबर कुठे मिळतो आमच्याकडे?"

खाली होडीवाल्याने शीळ घातली. ओहोटी नव्हती, पण त्याला घरी जायचं होतं.

"रंगाच्या खोलीत होता," कॅप्टन म्हणाले. आवाज स्वच्छ होता, नावं वाचताना असायचा तसाच. "मी ठेवलं होतं. बाहेरून कडी होती."

"माहीत आहे."

"माहीत होतं, तर सोमवारी विचारलंस कशाला?"

"मी नाही विचारलं. तिने विचारलं." इशबेलने मागे पाहिलं. दोघं जण फावड्याने माती ओढत होते, खड्डा जवळजवळ भरला होता. "सोमवारी सांगितलं असतंत तर पेटी आतल्या खोलीत होती, दार नुसतं लोटलेलं होतं. आता कुणाला सांगताय?"

कॅप्टननी पुडकं काखेत धरलं.

"सोर्लीला तीस तास उशीर झाला होता," ती म्हणाली. "तुम्ही त्याला चौदा दिवस दिलेत. तुमचा हिशेब मला येत नाही, मी शाळेत सूप करते." मग, खाली होडीकडे बघत, "होडीत बसा. पाणी उतरलं की तुम्हाला खडकांवरून चालता येणार नाही."

ते पहिल्या होडीत बसले. फळीवर दोघांची जागा असते. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. पुडकं त्यांनी मांडीवर ठेवलं होतं, आणि त्यावर मोजा.

गुत्त्यात संध्याकाळी याच्यावर फार बोलणं झालं नाही. एकाने नेहमीच्या सवयीने "ब्रिजवर असतील" म्हटलं, तेव्हा रॉनल्ड गिलीज म्हणाला, "आता पुरे." आणखी एका घरात म्हातारा अंथरुणाला खिळलेला आहे. त्याच्या मुलाने लाकलनला विचारलं, दोन नंबरला आता कुणाचं नाव घालायचं. लाकलन म्हणाला, आधी त्याला मरू तर दे.

उद्या गुरुवार, १५ तारीख. पोर्ट व्हॅरनला ओहोटी सकाळी ८.२७ला, भरती दुपारी २.४१ला. आकडे अठरा मिनिटं मिळवून आहेत. पाटी सहा चाळीसला लिहिली जाते, कॅप्टन येतात का ते तेव्हा कळेल.